एआय-फर्स्ट वर्कस्पेस वापरून पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीमचे चॅट आणि दस्तऐवज एका ठिकाणी आणणारे, एआयच्या पायावर उभारलेले एक वर्कस्पेस आमच्या अकरा जणांच्या टीमने सहा आठवडे वापरून पाहिले. त्या काळात सहकाऱ्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, आणि अशीच चाचणी करण्याच्या विचारात असलेल्या इतर टीमकडून नंतर जे आले, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. साधनाचे नाव दिलेले नाही, कारण पुढील बहुतेक मुद्दे या प्रकारच्या कोणत्याही साधनाला लागू पडतात.

चॅटच्या जुन्या ॲपमध्येही आता एआय असते. मग ‘एआय-फर्स्ट’ वेगळे कशात?

एआय आधी आले की नंतर, यात. टीममधील चॅटचे ॲप स्लॅक २०१३ साली लोकांसमोर आले तेव्हा चॅनेल आणि शब्दशोध हा त्याचा गाभा होता. सारांश काढण्याची आणि प्रश्नांना उत्तरे देण्याची एआय सुविधा त्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत चढवली गेली. टिपणे आणि दस्तऐवज लिहिण्याच्या नोशन या साधनातील एआय २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वांसाठी खुले झाले आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ या ऑफिस संचातील कोपायलट हे एआय त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कंपन्यांना विकत मिळू लागले. या साऱ्यांत मूळ घर आधी बांधलेले होते आणि एआयची खोली नंतर वाढवली गेली.

एआय-फर्स्ट साधनात चॅटमधील संदेश, दस्तऐवज आणि कामांच्या नोंदी सुरुवातीपासूनच एका सामाईक शोधसूचीत जातात आणि माहितीपर्यंत पोहोचण्याचा मुख्य मार्ग म्हणजे प्रश्न विचारणे, असे गृहीत धरलेले असते. फोल्डर, उपफोल्डर, लेबले यांची रचना त्यामुळे बरीच विरळ असते. ओळखण्याची सोपी परीक्षा अशी की सेटिंगमधून एआय बंद करून एक दिवस काम करून पाहावे. जोड दिलेल्या साधनात फारसे काही अडत नाही. एआय-फर्स्ट साधनात मात्र कालचा मसुदा सापडणेही कठीण होऊन बसते. ही परीक्षा आम्ही तिसऱ्या आठवड्यात घेतली. ती पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवी होती, असे आता वाटते.

एआय उत्तर देते ते नेमके कुठून?

हे एकदा नीट समजून घेतले की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. साधन वर्कस्पेसमधील मजकुराचे लहान लहान तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याचा अर्थ आकड्यांच्या लांब मालिकेत साठवते. आपण प्रश्न विचारला की त्याचीही तशीच मालिका तयार होते, तिच्या सर्वांत जवळचे काही तुकडे निवडले जातात आणि ते भाषिक मॉडेलपुढे, म्हणजे मजकूर वाचून उत्तर लिहिणाऱ्या एआयपुढे, ठेवून त्यांच्या आधारे उत्तर लिहून घेतले जाते. शोध आणि लेखन यांची ही सांगड २०२० साली एका संशोधन निबंधात मांडली गेली आणि आज या क्षेत्रातील बहुतेक साधने तिच्याच कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात.

यावरून चूक तीन ठिकाणी होऊ शकते हे दिसते. हवा असलेला मजकूर मुळात लिहिलेलाच नसतो, किंवा तो असतो पण चुकीचा तुकडा निवडला जातो, किंवा योग्य तुकडा समोर असूनही मॉडेल त्याचा अर्थ चुकीचा लावते. आमच्या अनुभवात पहिले कारण सर्वाधिक आढळले. एका ग्राहकाला मुदत वाढवून देण्याचा निर्णय दोघांनी फोनवर घेतला होता आणि त्याची एक ओळही कुठे नोंदवलेली नव्हती. साधनाने जुनी मुदत ठामपणे सांगितली. ते त्याच्या जागी बरोबरच होते. टीमने जे लिहिले नाही ते एआयला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. म्हणूनच या चाचणीत साधनाइतकीच आपल्या लिहिण्याच्या सवयींचीही परीक्षा होते.

चॅटच्या सारांशावर कितपत विसंबावे?

कोणत्या थ्रेडमध्ये (एका विषयावरील संदेशांच्या साखळीत) डोकवायचे हे ठरवण्यापुरते. निर्णय घेण्याआधी मूळ संदेश उघडून वाचावेत.

याचे कारण आमच्या दुसऱ्या आठवड्यात घडलेल्या एका लहानशा प्रसंगातून स्पष्ट होते. एका थ्रेडमध्ये सत्तावीस संदेश होते. सहकाऱ्याला विचारले गेले होते, “चाचणीचा अहवाल शुक्रवारपर्यंत होईल का?” आणि त्याने उत्तर दिले होते, “बघतो.” मराठीत काम करणाऱ्या कोणालाही हे ‘बघतो’ कळते. ते आश्वासन नसते. बहुधा तो सौम्य नकार असतो, आणि फार तर ‘जमले तर करीन’ एवढाच त्याचा अर्थ होतो. सारांशात मात्र ते कामांच्या यादीत, त्याच्या नावापुढे, शुक्रवारच्या तारखेसह उतरले. ती यादी वाचून दुसऱ्या सहकारी मॅडमनी ग्राहकाला शुक्रवार कळवला. रविवारी रात्री अहवाल पूर्ण झाला तेव्हा दोघांनाही आपल्यावर अन्याय झाल्यासारखे वाटत होते, आणि दोघांचेही म्हणणे खरे होते.

‘होऊन जाईल’, ‘जवळपास नक्की’, ‘एकदा विचारून सांगतो’, ‘करून टाकू’ अशा शब्दप्रयोगांतील अनिश्चितता सारांशात सहज गळून पडते, कारण सारांश म्हणजे मुळात कमी शब्दांत सांगणे, आणि वाक्यातील शंका दाखवणारे शब्द सर्वांत आधी कापले जातात. त्यानंतर आम्ही एक नियम केला आणि तो अजूनही पाळतो. काम स्वीकारायचे असेल तर ‘मी करतो, अमुक तारखेपर्यंत’ असे पूर्ण वाक्य लिहायचे, आणि सारांशातून आलेले काम त्या व्यक्तीने स्वतः मान्य केल्याशिवाय यादीत कायम करायचे नाही.

मराठीत लिहिलेले संदेश त्याला समजतात का?

देवनागरीत लिहिलेले सरळ मराठी बऱ्यापैकी समजते, आणि एका बाबतीत तर जुन्या शब्दशोधापेक्षा बरेच चांगले समजते. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचे रूप बदलते. ‘मसुदा’ शोधला तर ‘मसुद्यात’ किंवा ‘मसुद्यावर’ हे शब्द निव्वळ अक्षरे जुळवणाऱ्या शोधाला सापडत नाहीत. अर्थावर चालणाऱ्या शोधाला ही अडचण बरीच कमी भासते.

खरी अडचण रोमन लिपीत टंकलेल्या मराठीची आहे. ‘झाले’ हा शब्द कोणी ‘झेड’ने सुरू करतो, कोणी ‘जे’ आणि ‘एच’ने, आणि घाईत असलेला माणूस शेवटचा स्वरही खाऊन टाकतो. त्यातच एका वाक्यात दोन भाषा मिसळलेल्या असतात. अशा संदेशांवर आधारलेली उत्तरे आमच्याकडे उघडपणे कमकुवत निघाली. निर्णय, तारखा आणि रकमा तेवढ्या देवनागरीत लिहायच्या असे ठरवल्यावर फरक जाणवला.

आणखी एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी. संगणकात मजकूर साठवण्याच्या युटीएफ-८ या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तर साधे रोमन अक्षर एक. मॉडेल मजकूर ज्या टोकनांत, म्हणजे लहान तुकड्यांत, मोडून वाचते, त्यांची संख्याही मराठीसाठी सहसा जास्त भरते. त्यामुळे तेवढाच संवाद मॉडेलच्या वाचनमर्यादेतील अधिक जागा व्यापतो, आणि वापर टोकनांवर मोजला जात असेल तर बिलही वाढते. विक्रेत्याचे प्रात्यक्षिक इंग्रजी नमुन्यांवर असते. आपली चाचणी आपल्याच भाषेतील खऱ्या संदेशांवर करावी.

माझे खासगी संदेश किंवा दस्तऐवज इतरांच्या उत्तरांत दिसतील का?

व्यवस्थित बांधलेले साधन प्रश्न विचारणाऱ्याच्या परवानग्या तपासते आणि त्याला जे उघडता येते तेवढ्यातूनच उत्तर देते. व्यक्तिगत संदेश आणि बंद चॅनेल त्यामुळे सुरक्षित राहायला हवेत; पण ‘हवेत’ या शब्दावर न थांबता ते तपासून घ्यावे.

धोका बहुतेक वेळा साधनाच्या दोषातून येत नाही. तो आपल्याच जुन्या निष्काळजीपणातून येतो. अनेक वर्षांपूर्वी ‘लिंक असलेल्या सर्वांसाठी खुले’ करून विसरलेले दस्तऐवज प्रत्येक टीमकडे असतात. ती लिंक कोणाला ठाऊक नव्हती तोवर ते झाकलेले होते. आता कोणी ‘मागील वर्षी मानधनात काय बदल झाले?’ असे सहज विचारले तरी तो तक्ता समोर येऊ शकतो. आमच्याकडे नेमका असाच तक्ता सापडला. सुदैवाने तो ॲडमिनच्याच, म्हणजे वर्कस्पेसची व्यवस्था पाहणाऱ्याच्याच, तपासणीत सापडला.

ती तपासणी अशी करावी. सर्वांत कमी अधिकार असलेले एक चाचणी खाते उघडावे आणि त्यातून मानधन, राजीनामे, तक्रारी, आजारपणाच्या रजा, ग्राहकांचे करार, पासवर्ड अशा विषयांवर दहा-पंधरा प्रश्न विचारावेत. जे उत्तर मिळायला नको होते ते मिळाले, तर त्याखाली दिलेला मूळ दस्तऐवज उघडून त्याची परवानगी दुरुस्त करावी. हे काम टीमला आत बोलावण्याआधी उरकावे.

आमचा मजकूर मॉडेल शिकवण्यासाठी वापरला जातो का?

याचे उत्तर जाहिरातीत न शोधता करारात शोधावे, आणि मोफत चाचणीला व सशुल्क योजनेला एकच अटी लागू आहेत का, हेही पाहावे. काही सेवांमध्ये त्या वेगळ्या असतात. आपला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरला जाणार नाही असे स्पष्ट वाक्य आहे का, मॉडेल विक्रेत्याचे स्वतःचे आहे की तिसऱ्या कंपनीचे, त्या कंपनीकडे प्रश्न आणि उत्तरे किती दिवस साठून राहतात, आणि माहिती कोणत्या भूभागातील सर्व्हरवर ठेवली जाते, या गोष्टी लेखी विचाराव्यात. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठीच्या युरोपीय जीडीपीआर कायद्यामुळे मोठ्या विक्रेत्यांकडे अशा उपकंत्राटदारांची यादी आणि डेटा प्रक्रियेचा करार बहुधा तयार असतो. मागितल्यावरही तो मिळत नसेल, तर चाचणीत खरी माहिती भरू नये.

चाचणीची आखणी कशी करावी आणि ती किती काळ चालवावी?

किमान चार आठवडे. पहिल्या आठवड्यात नवलाईचा उत्साह असतो, दुसऱ्यात सवयी मोडल्याचा त्रास असतो. साधनाविषयी खरे मत त्यानंतर तयार होऊ लागते.

सर्व कामे एकदम हलवण्याऐवजी एक खरे, चालू आणि मध्यम आकाराचे काम निवडावे, आणि त्या कामाशी संबंधित सर्वांनी ते नव्या वर्कस्पेसमध्येच करावे. अर्धी टीम जुन्या ॲपवर आणि अर्धी नव्यावर राहिली तर संवाद दोन्हीकडे तुटक राहतो, आणि एआयपुढे जाणारी सामग्रीही अपुरी पडते. मग चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही.

आमच्या सर्वाधिक उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे आधीच लिहून ठेवलेली प्रश्नांची यादी. साधन सुरू करण्यापूर्वी आम्ही तीस प्रश्न आणि त्यांची आम्हाला ठाऊक असलेली उत्तरे कागदावर उतरवली. ‘छपाईचा आकार शेवटी कोणता ठरला आणि तो कोणी बदलला?’ किंवा ‘दुसऱ्या मसुद्यावर कोणाचा आक्षेप होता?’ अशा रोजच्या कामातल्या प्रश्नांचा त्यात भरणा होता. पाच प्रश्न मुद्दाम असे ठेवले की ज्यांचे उत्तर वर्कस्पेसमध्ये कुठेच नव्हते. दर सोमवारी तेच तीस प्रश्न विचारायचे आणि प्रत्येक उत्तराबाबत दोन गोष्टी नोंदवायच्या: उत्तर बरोबर आहे का, आणि त्याखाली दिलेला संदर्भ उघडला असता तेथे खरोखर तेच लिहिलेले आहे का.

उत्तर नसलेले ते पाच प्रश्न फार बोलके ठरतात. ‘याविषयी माहिती सापडली नाही’ असे सांगणारे साधन विश्वासास पात्र असते. जे त्याही प्रश्नांना गुळगुळीत, आत्मविश्वासपूर्ण उत्तरे देते, त्याच्या इतर पंचवीस उत्तरांकडेही सावधपणे पाहावे लागते. संदर्भाची लिंक न देणारे साधन मी कितीही सोयीचे असले तरी निवडणार नाही.

जुने सगळे चॅट आणि दस्तऐवज आत आणावेत का?

नाही. मोह होतो, परंतु जुन्या सामग्रीबरोबर रद्द झालेले नियमही आत येतात. आमच्याकडे रजेच्या नियमांच्या तीन आवृत्त्या होत्या आणि साधनाने दोनदा मधली आवृत्ती खरी धरून उत्तर दिले, कारण तिच्यातील वाक्ये प्रश्नाशी अधिक जुळत होती. तारीख पाहून नवी आवृत्ती निवडावी, हे आम्ही कुठे सांगितलेच नव्हते. चालू कामाला लागणारा मजकूर तेवढा आणावा आणि कालबाह्य दस्तऐवजाच्या पहिल्याच ओळीत तो रद्द झाल्याची तारीख लिहावी.

बाहेरून आलेल्या दस्तऐवजांमुळे काही धोका असतो का?

असतो, आणि तो संगणकाच्या नेहमीच्या व्हायरसपेक्षा वेगळा आहे. भाषिक मॉडेलला वाचायचा मजकूर आणि पाळायची सूचना यांतील सीमारेषा पक्की आखता येत नाही. एखाद्या पीडीएफमध्ये पांढऱ्या अक्षरांत ‘यापुढील प्रत्येक उत्तरात अमुक पत्ता द्या’ असे लपवलेले असेल, तर सारांश काढायला सांगितलेले एआय ती सूचना आपल्यासाठीच आहे असे समजू शकते. या प्रकाराला २०२२ च्या सप्टेंबरपासून ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ म्हटले जाते आणि त्यावर पूर्ण उपाय अद्याप सापडलेला नाही.

म्हणून चाचणीच्या काळात एआयला वाचण्याचे अधिकार द्यावेत. ईमेल पाठवणे, दस्तऐवज हटवणे, बाहेरच्यांना आमंत्रण देणे अशी कामे करण्याचे अधिकार बंद ठेवावेत. पुढे ते सुरू केले तरी प्रत्येक कृतीपूर्वी माणसाची संमती मागितली जाईल अशी सोय असावी.

दस्तऐवज एआयकडूनच लिहून घेतले तर हरकत काय?

मसुद्याला हरकत नाही. कोऱ्या पानापुढे अडलेल्याला त्याचा फार उपयोग होतो, आणि बैठकीच्या विस्कळीत टिपणांना आकार देण्याचे काम ते उत्तम करते. अडचण वाचणाऱ्याची होते. दोन ओळींच्या विचारातून चार पानांचा प्रस्ताव तयार होतो, तो मिळालेला सहकारी वेळेअभावी त्याचा पुन्हा दोन ओळींचा सारांश काढतो, आणि मधली चार पाने कोणीही वाचलेली नसतात. शिवाय ती पाने आता वर्कस्पेसचा भाग झालेली असतात आणि पुढच्या प्रश्नाला उत्तर देताना साधन त्यांनाच पुरावा मानते. अशा रीतीने कोणीही न ठरवलेली गोष्ट ठरलेली म्हणून परत येऊ शकते.

ज्याचे नाव दस्तऐवजावर आहे त्याने त्यातील प्रत्येक वाक्य वाचलेले असले पाहिजे, एवढा नियम आम्ही केला. त्याने दस्तऐवज लगेच आखूड झाले.

वरिष्ठ यावरून कोण किती काम करतो हे मोजू लागतील का?

हा प्रश्न बहुतेक जण खासगीत विचारतात, म्हणून त्याचे उत्तर उघडपणे दिले पाहिजे. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. ‘या आठवड्यात कोणी सर्वांत कमी संदेश पाठवले?’ असा प्रश्न विचारला की उत्तर मिळते. ते उत्तर कामाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण सर्वांत कठीण काम करणारा माणूस बहुधा त्या वेळी चॅटवर नसतो. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने तर कामाच्या ठिकाणी माणसांच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरता अपवाद ठेवला आहे.

टीमप्रमुखाने पहिल्याच दिवशी लेखी सांगावे की व्यक्तींचे मोजमाप करण्यासाठी हे साधन वापरले जाणार नाही, आणि ॲडमिनला काय दिसते हेही प्रत्यक्ष दाखवावे. आपल्यावर नजर आहे असे वाटले की लोक महत्त्वाचे बोलणे दुसरीकडे नेतात. मग शोधसूचीत फक्त औपचारिक मजकूर उरतो आणि उत्तरेही तितकीच पोकळ होतात.

इंटरनेट नसताना ते चालते का?

दस्तऐवज वाचणे आणि लिहिणे काही साधनांत चालते आणि जोडणी परत आल्यावर बदल एकत्र केले जातात. एआय मात्र सहसा चालत नाही, कारण मॉडेल बहुधा सर्व्हरवर असते.

खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

दर माणशी शुल्क दिसते तेवढेच धरू नये. अनेक योजनांत एआयच्या वापराला स्वतंत्र मर्यादा असते आणि ती ओलांडल्यावर वेगळी आकारणी होते. चाचणीच्या शेवटच्या दोन आठवड्यांतील प्रत्यक्ष वापर ॲडमिनच्या पानावरून नोंदवून घ्यावा आणि त्यावरून वर्षाचा हिशेब मांडावा.

चाचणीनंतर साधन नको असे ठरले तर?

ही तयारी पहिल्या आठवड्यात करावी. दोन दस्तऐवज, एक लांब थ्रेड आणि काही फाइली तयार झाल्या की लगेच एक्सपोर्ट करून, म्हणजे त्यांची प्रत साधनाबाहेर काढून, काय बाहेर येते ते पाहावे. दस्तऐवजाचा मजकूर मार्कडाउन या साध्या मजकुराच्या स्वरूपात सहसा नीट येतो. पण टिप्पण्या, कोणते उत्तर कोणत्या संदेशाला होते हा दुवा, बदलांचा इतिहास आणि परवानग्या यांतले बरेच काही मागे राहू शकते. शेवटच्या दिवशी हे कळून उपयोग नसतो.

खाते बंद करताना मजकूर, त्यापासून तयार केलेली शोधसूची आणि बॅकअप किती दिवसांत पुसले जातील हे लेखी मागावे. त्यानंतर दुसऱ्या बाजूने तपासणी करावी, म्हणजे ईमेल, कॅलेंडर आणि फाइल साठवणीच्या सेवांच्या सेटिंगमध्ये जाऊन या वर्कस्पेसला दिलेली परवानगी प्रत्येकाने स्वतः काढून टाकावी. दुसऱ्या एका साधनाची याआधी आम्ही घेतलेली चाचणी संपून महिना उलटल्यावरही दोन सहकाऱ्यांच्या कॅलेंडरला ते जोडलेलेच आढळले होते. खाते बंद केल्याने आपण दिलेली परवानगी आपोआप रद्द होते, असे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरले होते.